भागीरथीचा पाचवा फाउल

भागीरथी गोरक्ष दिवटे हिची उंची वाढायला लागली तेव्हा घराच्या चौकटी आधीच बसवून झाल्या होत्या. त्यामुळे नववीपासून ती प्रत्येक दारातून वाकून आत येते, आणि पाहुणेमंडळींचा समज असा की पोरगी फार मर्यादेची आहे. घरच्यांनी हा समज कधी दुरुस्त केला नाही. पुढेमागे उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार असावा.

तिच्या वयाच्या पोरींची नावं श्रेया, साक्षी, वैष्णवी अशी असतात. हिला पणजीचं नाव मिळालं, कारण ही आली त्याच महिन्यात पणजी गेली आणि घराण्यात नाव मोकळं झालं. अडचण झाली ती आजीची. आजी रतनबाई ही त्या पणजीची सून. सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा नेम रतनबाईंनी सासू असताना पाळला, आणि सासू गेली म्हणून तो मोडावा असं त्यांना वाटलं नाही. मग नातीला हाक काय मारायची? सासूला त्या आत्याबाई म्हणत. नातीलाही आत्याबाईच म्हणू लागल्या, आणि त्या हाकेबरोबर जे अहो-जाहो यायचं तेही आलं. दुपट्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलीला "आत्याबाई, माती खाऊ नका" असं म्हणणारी बाई त्या गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बाकीचं गाव मात्र तिला सरळ भागी म्हणतं.

गाव सुप्याजवळचं. बाप सुप्याच्या एमआयडीसीत मशीनवर, पहिली पाळी. घरामागं चार जर्सी गाई. सकाळच्या दोन गाई आईच्या आणि दोन भागीच्या, अशी वाटणी. गाईंचा स्वभाव असा की धार काढायला बसायच्या जागीच त्या नेमक्या उभ्या राहतात. अशा वेळी भागी आपला खुबा गाईच्या खुब्याला लावते, "सरक" म्हणते आणि हळूहळू भार टाकत जाते. मारायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं तिथं असायचं. गाय थोडा वेळ विचार करते आणि सरकते. पुढे बास्केटबॉलमध्ये लोकांनी भागीच्या ज्या गुणाचं कौतुक केलं, तो तिला असा गोठ्यात लागलेला होता.

बास्केटबॉल गावात आला तो भिमाजी गुरुजींमुळे. शाळेच्या मैदानात एका खांबावर एकच रिंग होती. दुसरी येणार होती, ती अजून यायची आहे. गुरुजी स्वतः तरुणपणी खेळलेले, आणि त्यांच्या डोक्यातले नियम त्या काळचे. त्या काळी एक रीत होती. ज्याच्याकडून फाउल झाला, म्हणजे ज्याचा धक्का किंवा हात समोरच्याला नियमाबाहेर लागला, त्यानं शिट्टी वाजल्यावर आपला हात वर करायचा. मी केला, लिहून घ्या. गुरुजींनी त्यात स्वतःची थोडी भर घातली.

"चुकलं तुझं, तर हात तुझा वर," ते सांगत. "शिट्टीची वाट बघायची न्हाई. शिट्टी चोरासाठी असती."

पुढे खेळातून ती रीत गेली. हात वर करायची सक्ती राहिली नाही. हे गुरुजींपर्यंत पोचलं नाही, किंवा पोचलं आणि त्यांना पटलं नाही. त्यांच्या हाताखालच्या बाकीच्या पोरांनी दहावीनंतर चेंडू सोडला आणि त्याबरोबर हात वर करणंही सोडलं. भागीनं चेंडू सोडला नाही.

बारावीनंतर ती नगरला कॉलेजला आली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाट्याही बदलल्या आहेत. कंडक्टर मात्र सुप्याच्या स्टँडवर अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो आणि गाडी बरोबर तिथंच जाते. कॉलेजच्या क्रीडा विभागात मोनिका पारखे मॅडम होत्या, मूळच्या श्रीरामपूरच्या. त्यांनी भागीला पहिल्यांदा ॲडमिशनच्या रांगेत पाहिलं. म्हणजे बाकीच्यांची डोकी संपल्यावर वर जे उरलं होतं ते पाहिलं. मॅडम रांग मोडून पुढे गेल्या आणि नाव न विचारता म्हणाल्या, "बूट कितीचे लागतात?"

टीममध्ये तिची जागा रिंगखाली. तिला पोस्ट म्हणतात. काम दिसायला सोपं. आपला असेल तर चेंडू वर टाकायचा, दुसऱ्याचा असेल तर टाकू द्यायचा नाही, आणि दोन्ही वेळी जागा सोडायची नाही. मैदानाच्या कडेकडेनं पळणाऱ्या पोरींचा खेळ वाऱ्याचा असतो. पोस्टचा खेळ अंगाचा. तिथं खुबे लागतात, कोपर लागतात, खांदे लागतात, आणि कशाला खेळ म्हणायचं व कशाला फाउल, हे पंच ठरवतो. असे पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. परत यायचं नाही. म्हणून चांगल्या पोस्टला दोन विद्या यायला हव्यात. एक, धक्का द्यायची. दुसरी, तो आपण दिलाच नाही असा चेहरा करायची.

पहिली विद्या भागीनं गोठ्यातून आणली होती. दुसरीच्या जागी भिमाजी गुरुजी बसले होते.

पहिल्याच मॅचमध्ये तिचा कोपर समोरच्या पोरीच्या बरगडीला लागला. पंचाचं लक्ष नव्हतं, तो दुसरीकडे कुणाला तरी रेषेमागं ढकलत होता. त्यानं मान वळवली तर सहा फुटाला बोटभर कमी अशी एक पोरगी वर्गात उत्तर येत असल्यासारखा हात वर करून उभी. पंचानं क्षणभर विचार केला आणि शिट्टी वाजवली. काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी झालं होतं हे उघड होतं.

हळूहळू हे जिल्हाभर झालं. पंचांना भागी आवडे. ती खेळत असली की अर्ध्या मैदानाकडे त्यांना बघावं लागत नसे. समोरच्या टीमचे कोच पोरींना सांगत, "काही करू नका, नुसत्या तिच्या अंगावर जा. बाकी ती बघून घेईल." आणि ती बघून घेई. कधी दुसऱ्या क्वार्टरला, कधी तिसऱ्याला पाच पुरे होत आणि भागी खांद्यावर नॅपकिन टाकून बाकावर येऊन बसे. पॉइंट गार्ड अश्विनी, म्हणजे सगळा खेळ जिच्या हातून सुरू होतो ती सावेडीची टिचभर पोरगी, दर वेळी तिला विचारी, "भागे, तू खेळायला येतीस का जबाब द्यायला?"

"आपोआप जातो गं हात."

"मग आपोआप खाली पण येऊ दे ना. कुणाला कळायच्या आत."

"कळायच्या आत खाली घ्यायचा तर वर कशाला न्यायचा?"

यावर अश्विनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे. अश्विनीचं तसंच होतं.

खरी पंचाईत घरी झाली. पहिल्या वर्षी गोरक्ष पाळी संपवून पोरीचा खेळ बघायला म्हणून मोटारसायकलवर नगरला आला. पोचेपर्यंत चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर चालू होता. भागी बाकावर. पुढच्या वर्षी आला, तेव्हा रतनबाईंनाही मागं बसवून आणलं. भागी बाकावर, आणि मैदानातून दमून येणाऱ्या पोरींना पाण्याच्या बाटल्या देत होती. रतनबाईंनी हे सगळं नीट बघून घेतलं आणि संध्याकाळी गावात सांगितलं. त्या दिवसापासून गावाचं मत पक्कं झालं की गोरक्षाची पोरगी बास्केटबॉलला पाणी द्यायला जाते. यात गावाला वाईट काही वाटलं नाही. कुणीतरी पाणी द्यायलाच हवं.

घरात मात्र भागी किटबॅग उचलून निघाली की ओट्यावरून हमखास ऐकू येई, "काय आत्याबाई, निघाल्या बसायला?"

"आज्जी, मी खेळते गं. तुम्ही यायच्या आधी खेळते."

"असंल बया. आमी आलो की मातर बसता. बसायचंच हाय तर घरी बसा की, इथं बी बाज हाय. तिकीट कशाला मोडायचं?"

भागी हसून निघून जाई. पण एसटीच्या खिडकीशी बसल्यावर ते बोलणं तिच्याबरोबर कामरगाव, चास असं करत नगरपर्यंत येई. पदकं होती घरात, तीन. रतनबाईंच्या हिशेबी ती सगळ्या टीमला वाटतात, पाणी देणारीलाही. आणि ते खरंच होतं, त्यामुळे वादही घालता येईना.

आता तिसरं वर्ष, शेवटचं. विभागीय स्पर्धेत टीम फायनलला आली. फायनल नगरलाच, सावेडीच्या बाजूच्या एका मैदानावर, दुपारी. समोर श्रीरामपूरची टीम. भागीला चषकाचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की मॅच संपेल तेव्हा आपण आत असावं आणि ते आज्जीनं बघावं. असं तीन वर्षांत एकदाही झालं नव्हतं. या मॅचनंतर ती परत बास्केटबॉल खेळेल अशी शक्यता गावात, घरात आणि तिच्या स्वतःच्या मनातही फारशी नव्हती.

मोनिका मॅडमनी आजवर सगळे उपाय करून पाहिले होते. हात वर गेला की मैदानाला फेरी, हा पहिला. भागीला पळायला आवडायचं, त्यामुळे तिचा स्टॅमिना तेवढा वाढला. मग त्यांनी गावी गुरुजींना फोन लावला. गुरुजी निवृत्त होऊन कांद्यात उभे होते.

"गुरुजी, तो नियम आता राहिलेला नाही. तुम्ही एकदा तिला सांगा ना, हात वर करू नको म्हणून. तुमचं ऐकेल ती."

पलीकडून पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. मग गुरुजी म्हणाले, "मॅडम, हात वर करायला म्या शिकिवलं. खाली करायला तुमी शिकवा. म्या रिटायर हाय."

फायनलच्या आधीच्या पंधरवड्यात मॅडम एका संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या आणि भागीकडे बघत होत्या. तिचा हात पुन्हा एकदा वर गेला होता. मॅडम उठल्या, आत गेल्या आणि तिचा दुसरा हातही धरून वर केला.

"आता असंच उभं राहा."

"दोन्ही?"

"दोन्ही. सरळ. पुढे नाही झुकायचं, खाली नाही आणायचे. पोस्टनं आपल्या जागेवर उभं राहून हात सरळ वर ठेवले तर ती जागा तिची, वरपर्यंत. मग समोरची येऊन आपटली तर तिचं चुकलं. तुला हात वर करायचाच आहे ना? मग आधीच कर. चूक व्हायच्या आधी. आणि एक नको, दोन कर."

भागीनं यावर विचार केला. यात गुरुजींच्या विरोधात काही दिसत नव्हतं.

पंधरवडाभर ती दोन्ही हात वर करून वावरली. चेंडू आत आला की हात वर. एसटीत हँडल धरायच्या दांड्याला दोन्ही हात. गोठ्यात एकदा अंगावर येणाऱ्या गाईसमोर दोन्ही हात वर गेले आणि गाय दावं ताणून मागं सरकली. तिनं आजवर असलं काही पाहिलं नव्हतं.

फायनलच्या सकाळी गोरक्ष म्हणाला, "तीनला सुटतो. म्हतारीला घेऊन येतो. तू तवर..." आणि पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही. "तू तवर आत ऱ्हा," असं त्याला म्हणायचं होतं, हे भागीला कळलं.

मॅच सुरू झाली. समोरची पोस्ट अकरा नंबरची, भागीएवढीच उंच आणि अंगानं जास्त भक्कम, मनगटाला लाल दोरा. तिला भागीची सगळी कीर्ती माहीत होती. ती चेंडू घेऊन सरळ भागीच्या छातीवर आली. भागीचे दोन्ही हात वर. अकरा नंबर आपटली आणि शिट्टी वाजली ती अकरा नंबरवर. श्रीरामपूरच्या बाकावर कुजबूज झाली. पंच स्वतःही जरा गोंधळला. या पोरीचे हात वर असताना दुसरीवर फाउल द्यायची त्याची पहिलीच वेळ.

पण पंधरवड्याची सवय ती पंधरवड्याची आणि शाळेतली ती शाळेतली. हाफ टाइमपर्यंत दोनदा तिचा खुबा आपणहून सरकला आणि "सरक" असं तोंडातून निघालंही. तिसरा फाउल तिसऱ्या क्वार्टरच्या तोंडालाच झाला; पंचाला दिसला नव्हता, पण भागीचा एकच हात वर गेला होता आणि तो दिसला. चौथा पाठोपाठ.

मॅडमनी तिला बाहेर घेतलं.

पोस्ट फाउलमध्ये अडकली की कोचपुढे हा प्रश्न असतो. आत ठेवली तर ती पाचवा करून कायमची जाते. बाहेर ठेवली तर रिंगखाली कुणी नसतं. मॅडमनी ठरवलं, शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवायची. मिठाईचा पुडा पाहुण्यांसाठी वर ठेवून देतात तसं त्यांनी भागीला बाकाच्या टोकाला ठेवून दिलं. "हलायचं नाही. मी सांगेन तेव्हा."

चौथा क्वार्टर सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच गेटातून गोरक्षाची मोटारसायकल आत आली. रतनबाई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, हातात पिशवी. उतरून त्यांनी नऊवारीचा ओचा नीट केला, मैदानात पळणाऱ्या पोरींकडे पाहिलं, त्यांच्यात जी नव्हती ती कुठं असणार हे त्यांना ठाऊकच होतं, आणि त्या तिरक्या न जाता सरळ बाकाकडे आल्या.

"काय आत्याबाई."

भागीनं शेजारचा नॅपकिन उचलून जागा केली.

रतनबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. बाकावर हात फिरवून म्हणाल्या, "बाक चांगला हाय." पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांनी नातीच्या हातावर ठेवला.

पंच पळत आला. "आजी, इथं बसता येत नाही. इथं फक्त खेळाडू बसतात."

"खेळाडू बसतात?" रतनबाईंनी विचारलं. "मंग खेळतं कोन?"

पंचानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी रतनबाईंना हाताला धरून कडेच्या खुर्चीवर नेलं. परत आल्या तर भागी लाडू मुठीत धरून उभी होती.

"मॅडम, मला घ्या."

"अजून वेळ आहे, भागी. चार झालेत तुझे. आता गेलीस आणि एक झाला की संपलं."

"मॅडम, आज्जी आलीय."

"मला दिसलं."

"तिला वाटतं मी पाणी देते."

मोनिका मॅडमनी बारा वर्षं कोच म्हणून काढली होती आणि त्यांना बरंच काही ऐकायची सवय होती. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, घरी पाहुणे आलेत. हे कारण नवीन होतं. त्यांनी गुणांच्या फळ्याकडे पाहिलं. पाच पॉइंटांनी मागं, आणि रिंगखाली अकरा नंबरला कुणी विचारत नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग भागीच्या मुठीकडे.

"लाडू माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. दोन्ही हात. काही झालं तरी दोन्ही."

भागी आत गेली. कडेच्या खुर्चीवर रतनबाई पुढे झुकल्या. गोरक्षानं मोबाईल काढून उभा धरला आणि शूटिंग चालू केलं. त्यात नंतर भागीचं डोकं कुठंच आलं नाही, पण बाकी सगळी भागी आली.

ती सात-आठ मिनिटं श्रीरामपूरकरांना बरी गेली नाहीत. चेंडू आत आला की समोर दोन हात वर, भिंतीसारखे. अकरा नंबर डावीकडून आली, उजवीकडून आली, पाठ लावून रेटून पाहिलं. रोज दोन गाई सरकवणाऱ्या पोरीला एक पोरगी रेटत होती. भागी जागची हलली नाही आणि तिचे हात खाली आले नाहीत. इकडे अश्विनीनं दोनदा लांबून मारले ते पडले, आणि एक चेंडू तिनं भागीकडे टाकला तो भागीनं नुसता रिंगमध्ये ठेवला, फळीवर बरणी ठेवावी तसा. एका पॉइंटानं पुढे.

कॉलेजच्या पोरी "भागी! भागी!" ओरडत होत्या. रतनबाईंनाही ओरडायचं होतं, पण त्यांना ते नाव घेता येत नव्हतं. शेवटी त्यांच्याच्यानं राहवेना. त्या उभ्या राहिल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आत्याबाई! हात भरून येतील, जरा खाली घ्या की!"

मॅच संपायला काही सेकंद. श्रीरामपूरचा चेंडू. सगळ्यांना माहीत होतं तो कुणाकडे जाणार. अकरा नंबरनं तो घेतला, एक पाऊल टाकलं, वळली आणि उडाली. भागी तिच्याबरोबर उडाली. आणि वर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, भागीचा उजवा हात कणभर पुढे गेला. तिच्या बोटांना तो लाल दोरा लागला. दोरा, त्याची गाठ, त्याखालचं मनगट.

फाउल. पाचवा. ही बाहेर, आणि अकरा नंबरला कुणी न अडवता टाकायचे दोन मोकळे चेंडू, एका पॉइंटाच्या मॅचमध्ये.

शिट्टी वाजली नाही. पंच अकरा नंबरच्या पाठीमागं होता, त्याला तिची पाठ दिसत होती. चेंडू रिंगच्या कडेला लागून वर उडाला.

भागी खाली आली आणि तिच्या अंगात दहावीपर्यंत जे मुरवलेलं होतं ते जागं झालं. हात वर. पण पंधरवडा दोन्ही हात एकत्र जात होते. आत्ताही दोन्ही गेले. ती दोन्ही हात वर करून उभी राहिली, आणि तिला कळलं की हे चुकलं. हा तर डिफेन्स झाला. कबुली द्यायची तर एक हात खाली घ्यायला हवा. उजवा लागला होता, म्हणजे वर उजवा हवा, म्हणजे डावा खाली. एवढा हिशेब होईपर्यंत रिंगवर नाचत असलेला चेंडू खाली आला, आणि मैदानावर सगळ्यांत वर असलेल्या दोन हातांत येऊन बसला.

"धर!" अश्विनी किंचाळली. "धर, सोडू नको, धर!"

भागीनं तो पोटाशी धरला. हूटर वाजला. पोरी चारी बाजूंनी तिच्यावर येऊन पडल्या, आणि आता वर करायला एकही हात मोकळा राहिला नाही.

त्या ढिगातून निघाल्याबरोबर ती पंचाकडे गेली. तो शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवत होता.

"सर, शेवटचा फाउल होता. माझा हात लागला तिला."

पंचानं तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "ताई, मॅच संपली. आता तो फाउल घेऊन मी कुठं ठेवू?"

मग ती अकरा नंबरकडे गेली. ती बूट सोडत बसली होती.

"लागला होता ना?"

"लागला की. चांगला लागला." अकरा नंबरनं नाडी ओढली आणि म्हणाली, "तुझ्या शर्टची मागची शिवण बघ. मी सगळा वेळ धरून होते. उसवली असेल."

भागीनं मागं हात नेला. उसवली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू यावं की नाही हे ठरायच्या आत आलं.

"पण तू सांगितलंस का पंचाला?" भागीनं विचारलं.

"येडी आहेस का?" अकरा नंबर म्हणाली.

मोनिका मॅडमनी मुठीतला लाडू परत केला. त्याचा मधल्या काळात चुरा झाला होता. भागी तो घेऊन कडेला आली. गोरक्ष मोबाईलकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून बघत होता. "आली, समदी आली शूटिंगमधी," तो म्हणाला.

रतनबाई खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी नातीला पायापासून वरपर्यंत पाहिलं, ते पाहायला वेळ लागतोच.

"बघितलं का, आज्जी? शेवटपर्यंत आत होते."

"बघितलं की. समदं बघितलं." रतनबाई म्हणाल्या. "पर आत्याबाई, एक सांगा. समद्या पोरी पळत्यात, उड्या मारत्यात, आन् तुमीच तेवढ्या हात वर करून उभ्या. पोलिसांनी धरल्यागत. तुमी केलं काय हुतं?"

अश्विनी पलीकडे पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

भागी हसली नाही. ती खाली बसली, खुर्चीशेजारी, सिमेंटवर. आता दोघींची डोकी एका उंचीवर आली. चुऱ्यातले दाणे वेचत ती हळूच म्हणाली, "आज्जी, शेवटी माझा हात लागला तिला. खरं तर मी बाहेर जायला पाहिजे होतं. कुणी बघितलंच नाही."

"कुनी बघितलं न्हाई कसं? म्या बघितलं."

"तू बघितलं?"

"मंग? तिच्या मनगटाला लागला. दोरा हाय बघा तिच्या हाताला, तिथं. माझी नजर काय गेलीया व्हय?" रतनबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. "लागला, आन् तुमी हात वर करून उभ्या ऱ्हायल्या. एक न्हाई, दोन्ही. एवढ्या मानसांदेखत. अजून काय करायचं हुतं? पंचाला दिसंना त्याला तुमी काय करनार?"

 भागीनं उरलेला चुरा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

गोरक्षानं गाडी चालू केली. तिघं कशी बसणार हा प्रश्न कुणी काढला नाही. रतनबाई मधे बसल्या आणि भागी मागं, तिचे पाय जवळजवळ रस्त्याला टेकत होते.

"धरा नीट, आत्याबाई," रतनबाई मान न वळवता म्हणाल्या. "आन् हात खाली ठेवा आता. धारंची येळ झाली."